शमुवेल म्हणजे नेमकं काय? हन्नाने ठेवलेलं नाव आणि आपल्याकडचा नवस

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कानात हेडफोन असतील तर ठीक, आणि बसमध्ये बसून हे वाचत असाल तरी ठीक.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. राहुरीकडच्या एका श्रोत्या ताईंचा मेसेज होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, बरेच दवाखाने झाले आणि आता घरात मुलगा आलाय. सासूबाई म्हणतात, नाव शमुवेलच ठेवायचं. नवरा म्हणतो, एवढं जुनं नाव कशाला, शाळेत पोरं चिडवतील. ताईंनी मोबाइलवर अर्थ शोधला तर एका ठिकाणी ‘देवाचं नाव’ असा मिळाला, दुसऱ्या ठिकाणी ‘देवाने ऐकलं’. आणि सासूबाई सांगतात, पवित्र शास्त्रात तर लिहिलंय की ‘देवाकडे मागून घेतला’. ताईंचा प्रश्न साधा होता: “एका नावाचे तीन अर्थ कसे? आणि यातला खरा कोणता?”

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधायला निघालं की आपण शिलोच्या मंदिरात जाऊन पोचतो, तिथून मुंबईच्या मशीद बंदरला, आणि फिरून परत आपल्या नगर जिल्ह्यात. चला तर मग.

आधी गोष्ट

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ साधारण इसवी सनापूर्वी अकराव्या शतकाच्या आसपासचा. इस्राएलात अजून राजा नाही. एफ्राइमच्या डोंगराळ भागात एलकाना नावाचा माणूस राहतो. त्याला दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नाला मुलंबाळं आहेत, हन्नाला नाहीत.

या दोन नावांकडेही जरा बघा. हन्ना हे नाव ‘कृपा’ या अर्थाच्या धातूपासून आलंय. योहान या नावातही तोच धातू आहे, ‘परमेश्वराने कृपा केली’. पनिन्ना म्हणजे पोवळं किंवा मोती. म्हणजे घरात एक कृपा आणि एक मोती. पण कृपेच्या वाट्याला कृपा आलेलीच नाही. गोष्ट सांगणाऱ्याने पहिल्या दोन ओळींतच ही बोच ठेवून दिलीय.

हे कुटुंब दरवर्षी शिलोला जायचं. तिथे परमेश्वराचं मंदिर होतं. आपल्याकडे घरचे सगळे मिळून यात्रेला जातात, तसंच. यज्ञ व्हायचा, मग जेवणाचे वाटे पडायचे. पनिन्नाला आणि तिच्या मुलांना त्यांचे वाटे, आणि हन्नावर जीव म्हणून एलकाना तिला खास वाटा द्यायचा. पण नेमकं त्याच दिवशी पनिन्ना तिला टोचून बोलायची. एकदा नाही, दरवर्षी.

मराठीत एक गंमत आहे बघा. ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं करणं, आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे दोष काढणं. फरक एका अनुस्वाराचा. हन्नाची सगळी गोष्ट या एका अनुस्वारात बसते. आधी वर्षानुवर्षं लोक तिला नावं ठेवतात. शेवटी ती एक नाव ठेवते.

नवरा समजूत घालतो. रडतेस कशाला, जेवत का नाहीस, दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का, असं विचारतो. माणूस वाईट नाही. पण हे वाक्य ऐकून कुठल्याही बाईला वाटेल, यांना कळलंच नाही. हन्ना त्याला उत्तर देत नाही. ती उठते आणि मंदिरात जाते.

तिथे ती रडत प्रार्थना करते आणि नवस बोलते: मला मुलगा दिलास तर तो आयुष्यभरासाठी तुलाच देईन. ओठ हलतात, आवाज येत नाही. दाराशी एली नावाचा म्हातारा याजक बसलाय. त्याला वाटतं बाई दारू पिऊन आलीय, आणि तो तिला झापतो. विचार करा, घरी टोमणे, देवळात पण टोमणे! पण इथे हन्ना गप्प बसत नाही. ती सांगते, मी प्यायलेले नाही, मी माझं मन देवापुढे ओततेय, मला वाया गेलेली बाई समजू नका. एली वरमतो. म्हणतो, शांतीने जा, तू जे मागितलंस ते देव तुला देवो.

पुढचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ती परत जाते, जेवते आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. लक्षात घ्या, अजून काहीही झालेलं नाही. दिवस गेलेले नाहीत, कुठलीही खूण मिळालेली नाही. फक्त कुणीतरी तिचं नीट ऐकून घेतलंय. याकडे आपण नंतर परत येऊ.

मग मुलगा होतो. हन्ना त्याचं नाव शमुवेल ठेवते आणि कारण सांगते: मी याला परमेश्वराकडे मागितलं म्हणून.

आणि इथे घोटाळा सुरू होतो

कारण हिब्रू येणारा माणूस हे वाक्य वाचून थबकतो. शमुवेल या नावाचा अर्थ ‘मागितलेला’ असा होतच नाही!

हिब्रूत हे नाव ‘श्मुएल’ असं उच्चारतात. अक्षरं पाच: शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. शेवटचा ‘एल’ म्हणजे देव. इश्माएल, दानिएल, नथनेल, गब्रिएल या सगळ्या नावांच्या शेवटी तोच एल आहे. प्रश्न आहे तो आधीच्या भागाचा.

पहिला अर्थ: ‘शेम’ म्हणजे नाव. शेम अधिक एल, म्हणजे ‘देवाचं नाव’ किंवा ‘त्याचं नाव एल आहे’. अक्षरांच्या हिशेबाने हा अर्थ सगळ्यात नीट बसतो आणि भाषेचे बरेच अभ्यासक याच बाजूचे आहेत. ताईंना मोबाइलवर मिळालेला पहिला अर्थ हाच.

दुसरा अर्थ: ‘शमा’ म्हणजे ऐकणं, म्हणून ‘देवाने ऐकलं’. ऐकायला गोड आहे आणि गोष्टीला शोभतोही. पण अडचण अशी की ‘शमा’ या क्रियापदात आयिन नावाचं एक अक्षर आहे, आणि शमुवेलच्या नावात ते नाही. खरोखर ‘देव ऐकतो’ असा अर्थ असलेलं नाव म्हणजे इश्माएल. तिथे आयिन शाबूत आहे.

तिसरा अर्थ हन्नाचा: ‘मागितला’. हिब्रूत मागणं म्हणजे ‘शाअल’. अक्षरं शीन, आलेफ, लामेद. या धातूपासून सरळ बनणारं नाव आहे ‘शाउल’, म्हणजे मागितलेला. आणि शाउल म्हणजे कोण? मराठी शास्त्रात आपण ज्याला शौल म्हणतो तो, इस्राएलचा पहिला राजा! प्रेषित पौलाचंही हिब्रू नाव शौलच होतं.

म्हणजे बाळाचं नाव शमुवेल, आणि आईने सांगितलेला अर्थ शौल या नावाचा. आता बोला!

सात वेळा ‘मागणं’

कुणी म्हणेल, लिहिणाऱ्याची चूक झाली असेल. काही अभ्यासकांनी तर असंही म्हटलंय की ही जन्मकथा मुळात शौलाची असावी आणि पुढे ती शमुवेलला जोडली गेली. हा तर्क आहे, आणि त्यावर बरेच वाद झालेत.

पण मूळ हिब्रू मजकूर मोजून बघा. पहिल्याच अध्यायात ‘मागणं’ या धातूची रूपं सात वेळा येतात. सतराव्या ओवीत दोनदा, विसाव्या ओवीत एकदा, सत्ताविसाव्या ओवीत दोनदा आणि अठ्ठाविसाव्या ओवीत दोनदा. पहिली दोन एलीच्या तोंडी आहेत, बाकीची हन्नाच्या. आणि शेवटचं, सातवं रूप अगदी हुबेहूब ‘शाउल’ असं आहे. हन्ना मुलाला मंदिरात आणून म्हणते, हा जन्मभर परमेश्वराला ‘शाउल’ आहे, म्हणजे देऊन टाकलेला. हिब्रूत हाच धातू जरा वेगळ्या रूपात ‘मागणाऱ्याला देणं’ या अर्थानेही वापरतात. म्हणजे मागणं आणि देऊन टाकणं दोन्ही एकाच धातूत!

इतक्या वेळा, इतक्या नेमक्या जागी येणारा शब्द चुकून आलेला नसतो. गोष्ट सांगणाऱ्याला नावांचा अर्थ चांगला ठाऊक आहे. तो मुद्दाम आपल्या कानात शौल हे नाव आधीच घालून ठेवतोय.

का? कारण पुढे हेच घडतं. शमुवेल म्हातारा होतो आणि लोक त्याच्याकडे येऊन राजा मागतात. तिथेही हाच शब्द आहे, मागणं. त्यांना मिळतो शौल, नावातच ‘मागितलेला’. एका बाईने मूल मागितलं आणि मिळालेलं परत दिलं. एका राष्ट्राने राजा मागितला आणि तो राजा मिळालेली सत्ता हातातून सोडेना. शेवटी शौल सगळीकडून हरतो, तेव्हा एन-दोरच्या बाईकडे जाऊन मेलेल्या शमुवेलला वर बोलवायला सांगतो. तेव्हा शमुवेल त्याला म्हणतो, देव तुला सोडून गेलाय, तर मग तू मला कशाला विचारतोस? हिब्रूत ‘विचारणं’ आणि ‘मागणं’ एकच. पुन्हा तोच शब्द! आणखी एक: स्वरचिन्हं न लावता लिहिलं तर शौल आणि ‘शेओल’, म्हणजे मृतांचं ठिकाण, यांची अक्षरं हिब्रूत सारखीच दिसतात. अंगावर काटा येतो ना?

जुन्या ज्यू भाष्यकारांनी या कोड्यावर एक सोपा तोडगाही काढला होता. ‘शाउल मे-एल’ म्हणजे ‘देवाकडून मागितलेला’. हे भरभर म्हणून बघा. शाउल मे-एल… शाउल मेएल… श्मुएल. व्याकरणाच्या परीक्षेत पूर्ण मार्क मिळणार नाहीत, पण कानाला पटतं. आणि शमुवेल या नावात शौलची चारही अक्षरं आहेत, फक्त एक मेम जास्त. हन्नाने कोशात बघून नाव ठेवलेलं नव्हतं. तिने कानाने ठेवलं.

म्हणून ताई, पहिलं उत्तर असं: शब्दाचा अर्थ वेगळा आणि नावाचा अर्थ वेगळा. शब्दाचा अर्थ भाषेतून येतो. नावाचा अर्थ ते कुणी, कुठल्या घडीला, कशासाठी ठेवलं यातून येतो. ‘देवाचं नाव’ हा शब्दाचा अर्थ. ‘मागून घेतला’ हा आईचा अर्थ. दोन्ही आपापल्या जागी खरे.

आपला भिकाजी, आपला नवसाजी

आपल्याकडे हे काही नवीन नाही. गावाकडच्या जुन्या मतदार यादीवर नजर टाका. भिकाजी, भिकू, भिकाबाई. आजच्या पोरांना हसू येतं. पण ही नावं कुणी भिकारी होता म्हणून नव्हती. आधीची मुलं जगली नाहीत की लोक नवस करायचे, पदर पसरून भीक मागायचे, आणि मग जे मूल जगलं ते ‘भिकेत मिळालेलं’. म्हणून भिकाजी. हिब्रूतल्या ‘शाउल’चं याहून जवळचं भाषांतर मला तरी सुचत नाही! नवसाजी, नवसू ही नावंही त्यातलीच. दगडू, धोंडू, केरू यांच्यामागेही तीच भीती: नाव असं ठेवायचं की दृष्ट लागू नये, काळाला वाटावं की हे कुणाला नकोच आहे.

आणि उलट बाजूही आठवली पाहिजे. सातारा जिल्ह्यात 2011 साली ‘नकुशी’ नाव असलेल्या जवळपास तीनशे मुलींनी जाहीर कार्यक्रमात आपली नावं बदलली. नकुशी म्हणजे नको असलेली. घरात मुलीवर मुली झाल्या म्हणून ठेवलेलं नाव. एका नावात आईबापांनी देवाकडे केलेली मागणी असते, दुसऱ्या नावात नकार असतो. ज्या मुलीला वर्गात हजेरीच्या वेळी रोज ‘नको असलेली’ म्हणून हाक मारली जाते, तिला विचारा नावाला महत्त्व आहे की नाही.

नगरमध्ये ही नावं आली कशी?

आपल्या जिल्ह्यात हिब्रू नावं नवी नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 मध्ये सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथूनच 1842 मध्ये निघालं. शाळा, वसतिगृहं, चर्च आणि त्यांच्यासोबत बारशाची नवी नावं. शमुवेल, याकोब, दावीद, हन्ना, रिबेका, एस्तेर. गावोगाव ती मराठी तोंडात घोळली आणि मराठीच झाली. शामुवेल, सामुएल, सॅम्युएल, घरात सॅमी. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिसरं, हा अनुभव किती घरांत आहे ते मला सांगायला नको.

पण गंमत बघा, ख्रिस्ती झालं की हिब्रू नाव घ्यायलाच हवं असं नगरकरांनी कधी मानलं नाही. सगळ्यात मोठं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, पुढची कितीतरी वर्षं नगरमध्ये गेली, अभंगांच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी लिहिली. नाव मात्र नारायणच. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही लक्ष्मीबाईच राहिल्या. त्यांच्या मुलाचं नाव देवदत्त. आता देवदत्त म्हणजे काय? देवाने दिलेला. आणि हिब्रूतल्या ‘नथनेल’चा अर्थ? तोच, देवाने दिला. मत्तय या नावातही ‘परमेश्वराचं दान’ आहे. म्हणजे अर्थ हवा असेल तर तो मराठीतही मिळतो, संस्कृतातही मिळतो.

मराठीत हा अर्थ पोचवण्यात एका बाईंचा मोठा वाटा आहे: पंडिता रमाबाई. त्यांनी सगळं पवित्र शास्त्र मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं. त्यासाठी त्या भाषा त्या शिकल्या. काम झालं केडगावला. आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे बरं का, दौंडजवळचं, जिथे त्यांचं मुक्तिमिशन आहे. छपाईचं कामही तिथल्या बायका करायच्या. 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि 1924 मध्ये ते भाषांतर पुस्तकरूपात आलं. ज्या बायकांना समाजाने नावं ठेवली त्यांनी हन्नाच्या गोष्टीचे खिळे जुळवले, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि कोकणातला समाजी

ख्रिस्ती मिशन यायच्या कितीतरी आधी शमुवेल हे नाव महाराष्ट्रात आलेलं होतं. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांबरोबर. हे आपले मराठी बोलणारे ज्यू. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. आडनावं गावांवरून: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. आणि हिब्रू नावांना त्यांनी लावला आपला मराठी ‘जी’. अब्राहामचा आबाजी झाला, आणि सामुएलचा झाला समाजी!

समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. इंग्रजांच्या कंपनीच्या फौजेत होते. बेने इस्राएल समाजात सांगितलं जातं की म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, आणि तिथे त्यांनी नवस बोलला: सुखरूप घरी पोचलो तर प्रार्थनामंदिर बांधीन. ते सुटले आणि 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. ‘शाअर हारहामीम’, म्हणजे दयेचं द्वार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असंही सांगतात. ज्या रस्त्यावर ते आहे तो सॅम्युएल स्ट्रीट. पुढच्या वेळी मशीद स्टेशनला उतरलात तर जरूर बघून या.

नाव शमुवेल, गोष्ट नवसाची, आणि नवस फेडल्याची खूण अजून उभी. हन्नाने ऐकलं असतं तर हसली असती.

हरेगावला हन्ना भेटते

आता परत आपल्या जिल्ह्यात. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव. सप्टेंबरमध्ये मरियेच्या जन्माच्या सणाला मतमाउलीची यात्रा भरते, लांबून लांबून माणसं येतात. कितीतरी जण नवस घेऊन, कितीतरी फेडायला. ख्रिस्ती येतात, ख्रिस्ती नसलेलेही येतात.

मरियेचा आणि हन्नाचा संबंध काय? फार जवळचा. शमुवेलला मंदिरात ठेवून निघताना हन्ना एक गीत म्हणते: बलवानांची धनुष्यं मोडतात, उपाशी तृप्त होतात, देव गरिबाला धुळीतून उचलतो. हजारेक वर्षांनंतरच्या लूकच्या शुभवर्तमानात तरुण मरिया जे गीत म्हणते त्यात हाच सूर ऐकू येतो: सत्ताधीश खाली येतात, दीन वर जातात, भुकेले तृप्त होतात. आणि ख्रिस्ती परंपरेत मरियेच्या आईचं नाव काय सांगतात? अ‍ॅना. म्हणजेच हन्ना. मूल नसलेली, प्रार्थना करणारी, आणि झालेलं मूल देवाला देणारी आई. हे शास्त्रात नाही, परंपरेत आहे, पण परंपरेने नाव निवडलं ते उगाच नाही. हरेगावला नवस बोलणाऱ्या बाईच्या रांगेत पुढे मागे कुठेतरी हन्ना उभी असते असं मला वाटतं.

मागून घेतलेलं मूल कुणाचं?

आता खरा मुद्दा. ताई, तुमच्या मेसेजच्या शेवटी तुम्ही हळू आवाजात एक वाक्य बोललात: “एवढं मागून झालाय, आता याला कुठे ठेवू नि कुठे नको असं होतंय.” म्हणून सांगतो.

हन्नाने दूध तुटल्यावर मुलाला शिलोला नेलं आणि तिथे ठेवलं. मला हे वाचताना नेहमी त्रास होतो. इतकी वर्षं वाट बघून मिळालेलं पोर, आणि ते दुसऱ्याच्या हवाली? पुढे एक छोटीशी ओळ आहे. दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून न्यायची. दरवर्षी! म्हणजे दरवर्षी तिला अंदाज करावा लागत असणार, या वर्षी किती उंच झाला असेल, खांदे किती भरले असतील. अंगड्याटोपड्याच्या वयात सुटलेलं मूल ती मनातल्या मनात मोजत होती.

मी हे असं वाचतो: मुलं देवळात ठेवून या, असं ही गोष्ट तुम्हाआम्हाला सांगत नाही. ‘मागितलेला’ या नावात एक धोका असतो तो ती दाखवते. नवसाच्या मुलावर फार ओझं येतं. तू एवढ्या प्रयत्नांनी झालास, म्हणून डॉक्टर हो. तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं, म्हणून आम्ही सांगू तिथेच लग्न कर. मागून घेतलेलं मूल हळूहळू वसुलीचं खातं होतं. हन्ना तिथे थांबली. तिच्या भाषेत मागणं आणि देऊन टाकणं एकाच धातूत होतं, आणि तिने दोन्ही केली. मुलगा तिचा होता, पण तिच्या मालकीचा नव्हता.

आणि पुढे काय झालं? तिसऱ्या अध्यायात एका रात्री देव त्या पोराला नावाने हाक मारतो. पोरगं उठून एलीकडे पळतं, मला बोलावलंत? एली म्हणतो, नाही रे, झोप जा. असं तीनदा होतं. मग म्हाताऱ्याच्या लक्षात येतं आणि तो शिकवतो, पुन्हा हाक आली तर म्हण, बोला, मी ऐकतोय. चौथ्यांदा हाक येते, “शमुवेल, शमुवेल!” आणि तो म्हणतो, मी ऐकतोय. इथे हिब्रूतलं ‘शमा’ येतं, ऐकणं! म्हणजे ताईंना मोबाइलवर मिळालेला दुसरा अर्थही वाया गेला नाही. फक्त तो उलटा झाला. देवाने ऐकलं, हा आईचा अनुभव. मुलाने ऐकलं, हे मुलाचं आयुष्य. आईने ठेवलेल्या नावात मुलाने स्वतःचा अर्थ भरला.

आणि ज्या श्रोत्यांच्या घरी अजून पाळणा हललेला नाही, त्यांच्यासाठी. मी आधी म्हटलं होतं त्या ओळीकडे परत या. हन्नाचा चेहरा मूल झाल्यावर उजळला नाही. तिचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतल्यावर उजळला. तिची चूक नव्हती, तिच्यात काही खोट नव्हती. एली आधी चुकला, मग सुधारला. आपल्याही घरात, नात्यात, मंडळीत अशी एखादी हन्ना असेल, तर तिला सल्ला द्यायच्या, बाबा-बुवा किंवा डॉक्टर सुचवायच्या आधी नुसतं ऐकून घ्या. आणि आपण पनिन्ना होत नाही ना, एवढं बघा.

तर ताई, नाव काय ठेवायचं?

ते मी कोण सांगणार! पण तीन गोष्टी सांगतो.

एक: सासूबाई चूक नाहीत आणि मोबाइलही चूक नाही. कुणी अर्थ विचारला तर बिनधास्त सांगा, शब्दाने ‘देवाचं नाव’, आईने ‘देवाकडे मागितला’.

दोन: शमुवेल नको असेल तर अर्थ मराठीतही मिळतो. देवदत्त आहे, प्रसाद आहे. टिळकांच्या घराला चाललं तर कुणालाही चालेल.

तीन: शमुवेल ठेवलंत तर दाखल्यावर, आधारवर, बाप्तिस्म्याच्या नोंदीत एकच स्पेलिंग ठेवा! देवाने हाक मारली तेव्हा पोरगं चुकीच्या खोलीत पळालं होतं, सरकारी कार्यालयात तर एका अक्षरासाठी चार खेटे घालावे लागतात.

शाळेत चिडवतील म्हणता? चिडवणारे चिडवतील. 2024 मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी एसटी स्टँडवर लोक ‘नगर, नगर’च ओरडतात. हाक मारायची सवय वेगळी आणि नाव वेगळं. पोराला फक्त एक दिवस जवळ बसवून सांगा की हे नाव कुणी, कुठे, कसं ठेवलं होतं. आणि त्या आईने दरवर्षी शिवलेल्या झग्याची गोष्ट सांगायला विसरू नका.

तुमच्या घरातल्या एखाद्या नावामागे अशी गोष्ट असेल, भिकाजी असो, एस्तेर असो, नाहीतर नवसाजी, तर व्हॉइस मेसेज पाठवा. आजीआजोबांना विचारून पाठवा, म्हणजे त्या निमित्ताने त्यांच्याशी बोलणंही होईल.

बारशाचे पेढे पोचवा ताई. भेटू पुढच्या भागात.